मधूच्या हळदीचा फोटो

४ जून
सिहोऱ्याहून कुंदाचा फोन. धाकटा भाऊ मधू जाऊन वीस वर्षं झाली. ही त्याची बायको, जेमतेम तीन आठवडे संसार केलेली. "दादा, जुन्या निगेटिव्ह स्कॅन करून राहिले म्हणे तुम्ही. यांचा एखादा द्याल? माह्याजवळ एकबी नाही." हो म्हणालो.

५ जून
चेहरा नीट दिसेल असा एकच. आमच्या पवनीच्या घरातली हळद, लग्नाच्या आदल्या दिवशीची. भंडारा जिल्हा तुटून गोंदिया वेगळा झाला ते वर्ष. मीच काढलेला. "दादा, थकल्यासारखं वाटून राहिलं," म्हणाला होता. मी म्हटलं, "नवरदेव हायेस, हास जरा." मागे मामा, तोंडात बुंदी कोंबलेली. स्कॅनवर सगळे जांभळट.

६ जून
भिंत पांढरी धरून रंग जुळवला. फोटोभर पिवळं. मग आठवलं, माय चुन्यात नीळ टाकायची. भिंत पांढरी नव्हतीच. खुंटीवरची सुताची लडी पांढरी धरली. जमलं. ताट स्टीलचं दिसतं, मामाचे डोळे पांढरे. मधूचे पिवळे.
मोठं करून पाहिलं. हळद गालावर आहे. डोळ्यांत कुठून...

८ जून
संगणक उघडला नाही. मधू गेला ती कावीळ लग्नानंतर झाली, सासुरवाडीचं, सिहोऱ्याचं पाणी बाधलं, पोरीचा पायगुण वाईट. ही बोलणी आमच्याच घरातून निघाली. तेरवीनंतर कुंदाला माहेरच्या बसमध्ये मी बसवून आलो. आणि फोटोतल्या दिवशी तिने आमचा उंबराही पाहिला नव्हता. तीस वर्षं पेपरात लोकांच्या बातम्या तपासल्या. ही नाही.

९ जून
फक्त डोळ्यांतला पिवळा काढला. दोन मिनिटांचं काम. चांगला दिसतो मधू. ही प्रत पाठवली तर कुणाला काही कळणार नाही.
पाठवली नाही.

१० जून
मायला पिवळ्या डोळ्यांचाच दाखवला. ती पुढे वाकली. वाटलं, नजर पोचत नसेल.
"हळद लावतानाच दिसलं होतं मले."
"मग बोलली काहून नाही?"
"मांडव टाकला होता, बापू. वाटलं, उन्हाचं असन."
"अन् नंतर? तिले बोल लावले तवा?"
भिंतीकडे तोंड करून निजली. जेवली नाही.

११ जून
कुंदाचा फोन. "झाला का, दादा?" "रंग बाकी आहे," म्हणालो. "घाई नाही जी. इतके दिवस गेले." माय बाजेवरून ऐकत होती.

१२ जून
सकाळी माय म्हणाली, "तिले फोन लाव." लावून हातात दिला. पलीकडून "हॅलो, दादा?" दोनदा. मग, "कोण बोलून राहिलं?"
माय बोलेना. फोन मला परतही देईना.