कलिंगडाचा वास

इंडियाना, ६ मे

डॉयल, आशीर्वाद मागाहून, आधी ऐकून घे. डॉगवूडच्या झाडाला फुलं आली की ब्लूगिल मासे अंडी घालायला काठाशी येतात, हे तुला सांगितलं कुणी? एप्रिलच्या गार पाण्यावर आंधळ्या बापाला तीन तास बसवलंस, आणि वर होडीला ते पेट्रोलचं इंजिन! पप्पा माशांची घरटी नाकाने शोधतात. घरट्यांवरच्या पाण्याला कापलेल्या कलिंगडासारखा वास येतो. तुझ्या धुरात त्यांना काय डोंबल येणार?

आता तू लिहितोस, ते म्हणतात, "डोळे गेले होतेच, आता नाकही गेलं," आणि मक्याच्या पावाला हात लावत नाहीत. अरे, नाक गेलेलं नाही त्यांचं. मासेच आले नव्हते.

पुढच्या शनिवारी पौर्णिमा आहे, मासे तेव्हा घरटी करायला येतात. त्याआधी तळ्यात कोपरापर्यंत हात घालून शंभर मोज. हात गारठला नाही, तरच त्यांना घेऊन जा. वल्ही मारत ने आणि तोंड बंद ठेव. "इथे थांब" हे त्यांनाच म्हणू दे.

माझं बरं चाललंय. कोंबड्या कापायच्या कारखान्यात दिवसभर उभी असते, संध्याकाळी बोटं मिटत नाहीत, म्हणून अक्षर असं. रजा मागितली होती, मिळाली नाही. नाहीतर तुझ्यावर सोपवलं असतं होय? तुझ्या बायकोचा खोकला थांबला का?

जाऊन आलात की सोमवारी मला उत्तर टाक. पप्पांनी काय खाल्लं ते पहिल्या ओळीत लिही.

तुझी थकलेली ताई,
लोरीन