बहिणीच्या घराचं भाडं

महाड, मुक्काम गोदूबाईंची वरची खोली

ती. मंजुळाअक्का हिला,

धाकट्या भावाचा आदरपूर्वक जय भीम. तुझा गुडघा कसा आहे? तेल लावतेस की बाटली नुसतीच उशाशी ठेवतेस? माझी तब्येत बरी म्हणायची. फोन तू उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. (नात वाचून दाखवत असेल तर मानसीने कंसातलं गाळावं.)

तू ज्यावरून रुसलीस ते एकदा नीट सांगतो. मागच्या मोठ्या पुरात आम्ही दोघं नवराबायको पोलादपूरला तुझ्याकडे येऊन राहिलो, तेव्हा सुक्या जवळ्यात कोकम किती घालायचं यावरून तुझं नि कमळाचं रोज वाजायचं. (चूक तुझी होती. पण मी तुझं मीठ खात होतो.) परत आल्यावर कमळाने मला घराचा विमा काढायला लावला आणि एजंट राजेशला बजावलं, की घर राहण्याजोगं नसेल तेव्हा दुसरीकडचं भाडं मिळतं ना, ते जास्तीचं कलमही घाला, हप्ता वाढला तरी चालेल. मी म्हटलं, अगं, अक्काचं घर आहे की. ती म्हणाली, "म्हणूनच!" मग दरवर्षी तिने ते कलम आठवणीने चालू ठेवलं. यंदाच्या थंडीत ती गेली आणि पावसाळ्यात सावित्रीचं पाणी घरात आलं. जिने छत्री घेऊन ठेवली तिच्यावाचून मी भिजलो, दुसरं काय.

पाणी चढायच्या आत आपण महाडकर काय करतो ते तुला माहीत आहे. टीव्ही, फ्रिज, गाद्या, कमळाच्या साड्यांची पेटी, सगळं शेजाऱ्यांच्या माडीवर नेलं. सामान वाचलं, त्यामुळे सामानाच्या विम्याचा उपयोग झाला नाही. घराचं मात्र पार वाटोळं झालं, भिंतींचा गिलावा सुटला, दारं फुगली, वायरिंग जळालं. मी पिशवी उचलून सरळ तुझ्याकडे आलो. राजेश म्हणाला, काका, भाड्याचं कलम आहे, अक्कांकडून भाड्याची पावती तेवढी घ्या. तू चहा गाळत होतीस तेव्हा मी ते तुझ्या कानावर घातलं. तू गप्प राहिलीस, मला वाटलं पटलं. (तुझं गप्प राहणं म्हणजे पटणं, असं आजवर एकदाही झालेलं नाही. माझीच अक्कल गहाण पडली होती.)

मग कंपनीचे साहेब पाहणीला आले. भाडं घेता का, एवढंच त्यांनी विचारलं. "भाडा? माजा भाव हाय तो! त्याच्या नावाचा भात शिजतो हितं. तुमच्यात भनी भाडा घेतात काय?" असं म्हणून तू त्यांना पाटावर बसवलंस, गरम भाकऱ्या वाढल्यास. ते पोटभर जेवले, हात पुसले आणि भाड्याचा दावा नामंजूर करून गेले. मी भडकलो. कमळाची शेवटची इच्छा तू बुडवलीस, असं तुला एसटी स्टँडवर चारचौघांत म्हणालो. ते म्हणायला नको होतं. तूही तेव्हा रडत होतीस, हे मला गाडीत बसल्यावर कळलं.

आता मी रीतसर भाडेकरू आहे. गोदूबाई भाडं घेतात, पावती देतात आणि मी किती बादल्या पाणी घेतो यावर डोळा ठेवतात. कंपनी भाडं देते. कमळाला हवं होतं तसं मी कुणाच्याही दारात नाही. भाडेचिठ्ठीवर राहणाऱ्या माणसांची संख्या लिहायची होती, तिथे मी सवयीने दोन लिहिलं. गोदूबाईंनी विचारलं, "दुसरं मानूस कुठं हाय?" मग ते खोडलं. खोडताना त्यांच्यासमोरच रडू आलं. त्या दिवसापुरतं त्यांनी बादल्यांकडे पाहिलं नाही.

असो. गुडघ्याला जप. लहानांना आशीर्वाद.

तुझा
अरविंद

ता. क. हे सगळं वाचून मला काही हवं आहे असं समजू नकोस. माझं इथे उत्तम चाललं आहे.

आणखी एक ता. क. घर दुरुस्त झालं आहे. रंगसुद्धा वाळला. आता भाडं बंद होणार, म्हणून मी गवंड्याला न्हाणीघराची चांगली फरशी उगाच उखडायला लावली. तो मेला भलता प्रामाणिक, काल येऊन बसवूनही गेला.

शेवटचं. अक्का, मी किल्ली घेऊन दारापर्यंत जातो आणि परत येतो. एकट्याने आत जाववत नाही. तू ये. कुलूप तू काढ, मी मागे उभा राहतो. आत गेल्यावर तिच्या स्वयंपाकघराला हवी तेवढी नावं ठेव. इथे सगळे तिच्याबद्दल चांगलंच बोलतात गं, त्यामुळे ती गेली असं फार वाटतं.