डी ड्राइव्हवर सगळं सुरक्षित

३ मार्च, रविवार
विंडोजचा वीट आला. बटण दाबा आणि भाजी निवडत बसा. आजपासून लिनक्स. एक नाही, दोन. एक कामाला, एक अभ्यासाला. विंडोज बायकोसाठी राहील. कॉम्प्युटर चालू केला की मेनू येणार, हवं ते निवडा. याला मल्टिबूट म्हणतात. आमच्या ऑफिसात हा शब्द कुणाच्या बापाला ठाऊक नाही.

बायको इमारतींचे नकाशे काढते. एका पाळणाघराचे नकाशे वीस तारखेला मांडायचेत. काम मिळालं तर दुसऱ्याच्या ऑफिसातली नोकरी सोडून स्वतःचं सुरू करणार. म्हणाली, वीस तारीख होऊ दे, मग काय हवा तो धुमाकूळ घाल. तुझ्या नकाशांच्या केसालाही धक्का लागणार नाही, असं मी तिला बजावलं.

५ मार्च
मेहुण्याचा फोन. कॉम्प्युटर इंजिनिअर झाल्यापासून नाकाने कांदे सोलतो. दाजी, मीच येऊन करून देतो म्हणाला. नको म्हटलं. मग म्हणे, निदान बॅकअप तरी घ्या. एवढं मला कळत नाही?

बायकोचं अख्खं फोल्डर सी ड्राइव्हवरून उचललं आणि डी ड्राइव्हवर ठेवलं. कॉपी नाही, मूव्ह. एकच गोष्ट दोन ठिकाणी ठेवणं हा शुद्ध गबाळेपणा. बायकोने विचारलं, बॅकअप घेतलास? घेतला. आता डीवरूनच काम करत जा म्हटलं. निर्धास्त झाली.

९ मार्च, शनिवार
शुभकार्याआधी कीबोर्ड उलटा करून आपटला. जे पडलं ते लिहवत नाही. त्यात एक नख होतं. माझं नव्हतं.

पहिलं लिनक्स बसलं. वायफाय नाही. आवाज नाही. आवाज नसलेला बरा, एकाग्रता होते. वायफायचं मोबाइलवरून लिनक्सवाल्यांच्या फोरमवर विचारलं. उत्तर आलं, आधी शोधा, मग विचारा. सगळे उंटावरचे शहाणे. शेवटी हॉलमधून स्वयंपाकघरातून वायर ओढून आणली. बायको तिच्यात दोनदा अडखळली. घरात बघून चालायची सवयच नाही.

१३ मार्च
ऑफिसात मल्टिबूटवर बोललो. साहेबांनी विचारलं, त्यानं काम लवकर होतं का? या माणसांत आयुष्य काढायचं म्हणजे तिटकारा येतो.

१६ मार्च, शनिवार, दुपार
दुसऱ्या लिनक्सला जागा हवी. इथे डिस्कचे तुकडे दिसतात, पण त्यांना सी, डी अशी माणसासारखी नावं नाहीत. नुसती अक्षरं आणि आकडे. एक मोठा तुकडा जवळजवळ रिकामा होता. म्हणजे निरुपयोगी. पुसायला सांगितला. मशीनने दोनदा विचारलं, नक्की का? संशयी जात. दोन्ही वेळा होय दाबलं.

मेनूत तीन नावं आली. ऊर भरून आला. बायकोला हाक मारली. तिने विंडोज निवडलं आणि ते चालू झालं. मी म्हटलंच होतं. मग तिने विचारलं, डी कुठाय?

संध्याकाळ
डी नाही.

मेहुण्याला फोन केला. त्याने विचारलं, बॅकअप? तोच तर गेला. मग मूळ फायली? त्याच तर बॅकअप होत्या. त्याने दोन्ही प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारले. इंजिनिअर असून साधी गोष्ट चटकन कळत नाही.

१७ मार्च
मेहुणा आला, दिवसभर खपला. हाती लागला एक जिना आणि मुलांचे संडास. बाकी माझ्या दुसऱ्या लिनक्सखाली गाडलं गेलं. बायको ओरडली नाही. जेवणाच्या टेबलावर मोठे कागद पसरून आठवेल तसं हाताने काढायला बसली. मदत करू का विचारलं. कशालाही हात लावू नकोस म्हणाली. लोकांना मदतीची किंमत नसते.

२० मार्च
काम दुसऱ्याला मिळालं. घाईत मुलांच्या झोपायच्या खोलीला दार काढायचंच राहिलं होतं. समोरच्यांनी विचारलं म्हणे, मुलं आत जाणार कुठून? मी म्हटलं, दार काय, नंतरही काढता येतं. हे बोलायला नको होतं.

२५ मार्च, सोमवार
बायको आज पुन्हा त्याच ऑफिसात गेली, जिथून ती सुटणार होती. पुढच्या वेळी नक्की मिळेल म्हटलं. तिने नुसत्या चपला घातल्या. इतके दिवस जगाची शिसारी येत होती, आज स्वतःची आली.

काल मेहुण्याने सगळं पुसून एकटं विंडोज टाकलं. चालू केलं की दोन नावं येतात. एक बायकोचं, पासवर्ड लावलेलं. दुसरं, पाहुणा. त्यातून काही बसवता येत नाही, काही पुसता येत नाही. मी या घरात पाहुणा? त्याला फोन करून चांगला झापला. तो ऐकून घेत राहिला. मग म्हणाला, दाजी, मी तुमचंच नाव टाकलं होतं. ते ताईनं बदललं.