ओमतीहून आणलेला कॉम्प्युटर

६ ऑक्टोबर २०१३

आलो एकदाचे जबलपूरला. विनयची इथल्या फॅक्टरीत बदली झाली, अमरावती सुटली, म्हणून गाडीत सारखी डोळे पुसत होते. पण दीक्षितपुऱ्यातलं हे घर पाहिलं आणि रडायचंच विसरले. वरच्या मजल्यावर दोन खोल्या, गच्ची लागूनच. गल्लीत देवीचा मंडप आहे, ढोलाने खिडकीच्या काचा थरथरतात. घरमालकीण सत्यवतीबाई खाली राहतात. तीन पिढ्यांपासून इथल्याच. मराठी बोलता बोलता कधी हिंदीत उतरतात ते त्यांनाही कळत नाही. मला तिसरा महिना आहे समजल्यावर, विभा, जिना सांभाळून हं, असं त्यांनी बजावलं आणि खोव्याची जिलेबी वर पाठवली. दोन खाल्ल्या. उलटी झाली नाही!

१४ ऑक्टोबर

अमरावतीत असताना ज्याचं काम करायचे त्या नागपूरच्या छापखान्याने कळवलं, घरून टायपिंग केलं तरी चालेल. मग आज इथल्या ओमतीच्या बाजारात जाऊन कॉम्प्युटर आणला. नवा नाही, जुनी मशीनं दुरुस्त करून विकणारं दुकान आहे तिथे. दुकानदार पुंडलिकभाऊ मूळचे भंडाऱ्याचे, माझं मराठी ऐकून खुलले. एका ऑफिसातून निघालेला माल आहे, हात फारसा लागलेला नाही, बिनधास्त न्या म्हणाले. काळा डबा, चपटा स्क्रीन, कीबोर्ड, सगळं चकाचक पुसलेलं. खिडकीपाशी मांडलं आणि लगेच एक पान टाईप करून टाकलं. बाळाचं पहिलं झबलं माझ्या कमाईचं.

२१ ऑक्टोबर

बटणं चिकट लागतात. कुणी घामेजल्या बोटांनी नुकतीच दाबून ठेवल्यासारखी. आधी वाटलं, माझेच हात. स्पिरिटचा बोळा फिरवला तर पिवळा निघाला. दुसरा फिरवला, तोही पिवळा. कीबोर्ड उलटा करून आपटला तेव्हा फटींतून पांढरी सालपटं पडली, भेगाळल्या टाचेची निघतात तशी. आणि डब्याच्या मागच्या जाळीतून जी गरम हवा येते तिला वास आहे. उपाशी, दात न घासलेल्या तोंडाचा. विनयला हुंगायला लावलं. तू काहून इतका विचार करून राहिली, म्हणाला; त्याला नुसता गरम प्लास्टिकचा वास आला. सत्यवतीबाई हसल्या. डोहाळे असे उलटेही लागतात. त्यांना पहिल्या खेपेला नळाच्या पाण्याचा वास यायचा. लिंबू देऊन गेल्या. ते नाकाशी धरून एका हाताने टाईप केलं.

२९ ऑक्टोबर

दिवाळीची सफाई काढली म्हणून विनयने डब्याचं झाकण उघडलं. मी लांबूनच पाहत होते. आतल्या पंख्याला केस गुंडाळलेले होते, आखूड, पांढरे, आणि त्यांच्यावर राखाडी कोंडा थापल्यासारखा बसलेला. विनयने चिमट्याने धरून ओढला तर दुधावरची साय यावी तसा अख्खा थर उचलून आला. ओलसर होता. विनयने गच्चीत नेऊन सगळं ब्रशने झाडलं, हात साबणाने धुतले, पुन्हा धुतले. नंतर चहात साय आली तर कप तसाच ठेवून उठला.

३१ ऑक्टोबर

झाकण पुन्हा काढलं. पंखा भरलेला. तोच कोंडा, तेच केस.

या घरात पांढऱ्या केसांचं कुणी नाही.

७ नोव्हेंबर

काम थांबवता येत नाही, छापखाना पानं मागतो आहे. नाका-तोंडावर रुमाल बांधून बसते. आज भूक लागली म्हणून रुमाल खाली ओढून चिवडा खात होते. दाताखाली काहीतरी कडक आलं. चुरमुरा करपला असेल म्हणून चावलं, गिळलं. मग बशीकडे लक्ष गेलं. कीबोर्डच्या कडेने तसेच तुकडे बशीत सांडले होते. वाकडे, पिवळे, जाड. नखं. म्हाताऱ्या माणसाची वाढलेली नखं.

मोरीत घशात बोटं घालून ओकले. चिवडा आला. ते नाही आलं.

८ नोव्हेंबर

उरलेल्या नखांची पुडी बांधली आणि ओमतीला गेले. पुडी काउंटरवर उघडली तशी पुंडलिकभाऊंनी मान खाली घातली.

“ऑफिसातला नव्हता तो, ताई. घमापुरात एक माणूस राहायचा, एकटाच. कोर्टाचे कागद टाईप करून द्यायचा. शेजाऱ्यांना वास आला तेव्हा दार तोडलं. मशीन चालूच होती अन् तो खुर्चीत. त्याला उचललं तर बोटांची चामडी बटणांवरच राहिली.”

“आणि तुम्ही ते मला विकलं?”

“तीनदा धुतला ताई, भगवान कसम. पण भरूनच येते तो. मला वाटलं, नांदतं घर आहे, दिवाबत्ती होते, तर थांबून जाईल.”

मला तिथेच उमासा आला. मशीनचा नाही, या माणसाचा. त्याच्या नीट विंचरलेल्या भांगाचा.

९ नोव्हेंबर

विनयने सगळं उचलून परत नेलं. दुकानाचं शटर खाली होतं, तो पायरीवरच ठेवून आला. खोली फिनाइलने पुसली, खिडक्या उघड्या टाकल्या. सत्यवतीबाईंनी वरणभात पाठवला. रुमाल न बांधता जेवले.

२० नोव्हेंबर

वास गेला नाही. पडदे हुंगले, गादी हुंगली, भिंत हुंगली. विनय वैतागला. मग सहज ओंजळ तोंडाशी धरून फुंकर मारली.

माझा आहे. माझ्या तोंडाचा.

२८ नोव्हेंबर

दिवसभर दात घासते, हिरड्यांतून रक्त येतं. आज जिभेवर केस लागला. ओढला. पांढरा. मागून दुसरा. डॉक्टरीण म्हणते बाळ छान आहे, ठोके अगदी ठीक. विनयचे डोळे भरून आले. मी त्याच्याकडे तोंड करून बोलत नाही आता.

९ डिसेंबर

पोटात हललं. सत्यवतीबाई म्हणाल्या होत्या, पहिल्यांदा फुलपाखरासारखं वाटतं. फुलपाखरू नाही हे. टक टक टक — थांबतं. टक टक. ओळ संपली की एक मोठा ठोका, आणि पुन्हा —

१२ डिसेंबर

विनयने हात ठेवला. हसला. लाथा मारून राहिलं म्हणाला. लाथा नाहीत — बोटं आहेत. वेगवेगळी कळतात. सवयीची, भराभर — बाळाला इतकं कुठलं —

१३ डिसेंबर

सत्यवतीबाईंना हाक मारायला तोंड उघडलं तर आवाजाआधी केसच —

टकटक थांबली आहे. सकाळपासून. आता खरवडणं — बेंबीपाशी, आतून — कडक आहे टोकाला, वाकडं — बाळ हलत नाही. तो हलतो. माझं बाळ एका बाजूला सारून तो — तिथे — नीट बसून रा