डावीकडच्या सीटवरचा पंप

साडूबुवांना सप्रेम नमस्कार.

तुमचा गुडघा कसा आहे हे विचारत नाही. विचारलं की तुम्ही चार पानं गुडघ्यावरच लिहिता. सूनबाईंना आशीर्वाद. तुम्ही मुलाकडे राहायला गेलात ते बरंच केलंत (असं मी सगळ्यांना सांगतो). इकडे अडचण एवढीच, की आपल्या म्हाताऱ्या रेसच्या गाडीला तेल पाजायला कोणी उरलं नाही. तिच्या इंजिनात तेल आपसूक पुरत नाही, वळणावर तेलाच्या दाबाचा काटा खाली आला की डावीकडच्याने हाताने पंप मारायचा, हे तुम्हाला मी काय सांगणार. चालवणारा एक, पंप मारणारा एक, अशी ती संसारी गाडी. रविवारी जुन्या गाड्यांची फेरी आहे आणि तुमची सीट रिकामी.

आधी समोरच्या शिंप्याला बसवलं. बिचारा पहिल्याच वळणावर पायाने पंप शोधत राहिला (जन्माची सवय). मग दातांचे डॉक्टर आले. ते इतके उत्साही, की सरळ रस्त्यावरही पंप सोडेनात. जास्तीचं तेल जळून असा धूर झाला, की मागच्या सायकलवाल्याने एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं. त्याचं चुकलं नाही. आपली बाई एरंडेलाशिवाय दुसरं तेल घेतच नाही. शेवटी एकटाच निघालो. एक हात चाकावर, एक पंपावर, आणि गिअर बदलायला देवाने तिसरा दिलेला नाही, म्हणून कोपऱ्यावरच्या कुंपणात शिरलो. गाडीला खरचटलंही नाही. माझी अब्रू गेली, पण ती तशीही थोडीच उरली होती.

थंडीत हे तेल फार घट्ट होतं, म्हणून ओतण्याआधी तुमच्या मेव्हणीच्या दुधाच्या पातेल्यात गरम करतो. ती असताना त्या पातेल्याला हात लावायची माझी छाती नव्हती. ती गेल्यावर पहिल्यांदा लावला तेव्हा चोरून केल्याची मजा वाटली. आता गॅसपाशी उभा राहून उगाच दाराकडे बघत बसतो, कोणी ओरडतंय का म्हणून. साडूबुवा, घर खायला उठतं हो.

बाकी क्षेम. लोभ होता तेवढा राहू द्या.

तुमचा,
थोरला साडू

ता. क. रविवारी येता का? सूनबाईंना सांगा, तुमच्यावाचून गाडी अडली आहे.

पुन्हा ता. क. गाडी अडलेली नाही. मेकॅनिकने बॅटरीवरचा पंप आणून दिलाय. बटण दाबलं की झालं, शेजारी माणूस लागत नाही. कधी बसवू म्हणून तो विचारून विचारून थकला. मी खोकं अजून उघडलेलं नाही.