दीड तासाचं नागपूर

कबनूर,
बुधवार

आदरणीय मीनाअक्कास धाकट्या धोंडीरामचा सविनय जयभीम.

तुझे गुडघे कसे आहेत? माझे कुरकुरतात, पण चालतात. तू फोन उचलत नाहीस म्हणून कागद घेतला. (पत्र फाडता येतं, पण तू आधी वाचशील आणि मग फाडशील, एवढा तुला ओळखतो.)

शनिवारी तू लेक-सुनेला घेऊन नागपूरच्या विमानतळावर ताटकळलीस आणि मी उतरलोच नाही, त्याचं कारण ऐक. तिकीट आमच्या प्रसेनजीतनं काढलं होतं. मोबाईलवर बघून पोरगा म्हणाला, "आबा, सरळ उडालं तर सातशेएक किलोमीटर. दीड तासात नागपूर!" दीड तास ऐकल्यावर बायडाबाईनं (तुझी भावजय, पण भांडणात कायम तुझ्या बाजूची) भाकरी तुझ्या ताटात गरमच पडणार, असं धरून डझनभर भाकरी आणि खर्डा फडक्यात बांधला. मी म्हणालो, अगं, दीड तास विमानाचा, घरापासनं विमानतळ कोण मोजणार? तर म्हणाली, "मग हितं डोकं खात बसू नगा. निघा की!"

प्रसेनजीत मला विमानतळाच्या दारात सोडून कामावर गेला. दारावरचा पहारेकरी परमुलखातला. त्यानं विचारलं, "जाना है?" आता अक्का, आपण शकुन-अपशकुन मानत नाही, पण निघताना 'जातो' म्हणायला आपली जीभ वळत नाही. आईनं त्यापायी दोघांच्याही पाठीत धपाटे घातलेत. मी ठणकावून सांगितलं, "जाना न्हाय, आना हाय!" त्यानं अदबीनं पलीकडचं दार दाखवलं. बिचाऱ्याची काय चूक? तिथं बाकडं होतं, पंखा होता, आणखीही माणसं वाट बघत होती. मी बसलो. विमान भरायला लागलं की कंडक्टरसारखी कुणीतरी हाक मारेल, असं धरून चाललो होतो.

मग आतून माणसं बाहेर यायला लागली. एकाला विचारलं, "पावणं, कुठनं आलासा?" म्हणाला, "नागपूरहून. दीड तास लागला फक्त." घड्याळ बघितलं. मी दोन तास वीस मिनिटं बाकड्यावर होतो. एवढ्या वेळात तुझ्याकडं जेवून हात धुतले असते. थोड्या वेळानं डोक्यावरून विमान गेलं. त्यात माझी जागा होती आणि मी खाली भाकरीचं फडकं धरून उभा. (भाकरी गारच झाल्या होत्या. दोन पाहुण्याला दिल्या, दोन मी खाल्ल्या.)

तर अशी ही फसगत. राग सोड.

तुझा,
धोंडीराम

ता. क. बाकड्यावर असताना विमान कंपनीतल्या मुलीचा तीनदा फोन आला होता, "सर, आपण कुठं आहात?" तिन्ही वेळा मी 'राँग नंबर' म्हणालो. हे बायडाबाईला कळू देऊ नकोस.

ता. क. २. दाजी गेले तेव्हा मी 'नागपूर लांब पडतं' म्हणून आलो नाही. अकरा वर्षं ते लांब होतं म्हणून मला बरं होतं, अक्का. आता दीड तासावर आलं, तर तुझ्यासमोर काय सांगू?

ता. क. ३. येत्या शनिवारचं तिकीट माझं मीच काढलंय. घ्यायला थोरल्या लेकाला पाठव, तू येऊ नकोस. विमानतळावर चारचौघांत रडायची मला लाज वाटते.