एका बाजूच्या आठ्या

सातपूर कॉलनी, नाशिक
सोमवार, १० मार्च २०२५

प्रिय भागी हिला ताईचा सप्रेम जय भीम.

तुमच्याकडे सगळे बरे असतील. द्राक्षांची काढणी जोरात असेल, म्हणजे हे पत्र वाचायला तुला दुपारच्या भाकरीनंतरच वेळ मिळेल. तसंच वाच, घाई नाही. इकडे तुझे दाजी बरे आहेत. गुडघा दुखतो म्हणतात आणि रोज गच्चीवर चढून कबुतरांना दाणे टाकतात. रवीची कंपनीत या आठवड्यात पहिली पाळी आहे.

माझं इस्त्रीचं काम चालू आहे. शर्ट-पँटपेक्षा आता साड्यांच्या निऱ्या बसवून द्यायचं काम जास्त येतं. हल्लीच्या मुलींना साडीची हौस आहे, पण निऱ्या घालता येत नाहीत. मी इस्त्रीने निऱ्या बसवते, पिना लावते, घडी घालून खोक्यात देते. त्यांनी नुसती कमरेला गुंडाळायची. वेदिकाची पांढरी साडी तशीच करून पाठवली होती. रवी म्हणाला, मंगल परिणय आटोपेपर्यंत एक निरी हलली नाही.

रवीने लावलेला फोन तू उचलत नाहीस ते बरोबरच आहे. तुझ्या एकुलत्या एका लेकीच्या लग्नाला तिची सख्खी मावशी आली नाही. ताप आला म्हणून रवीकडून निरोप दिला. तू त्याला म्हणालीस, "तुझ्या आईला सांग, तिची साडी पोचली, ती नाही पोचली." त्याने मला ते शब्द तसेच्या तसे सांगितले.

ताप नव्हता, भागी.

वीस जानेवारीची गोष्ट. आदल्या दिवशी उजव्या कानामागे दुखत होतं. वारं लागलं असेल म्हणून मी लक्ष दिलं नाही. सकाळी चूळ भरली तर पाणी ओठांच्या उजव्या कोपऱ्यातून गळून पोलक्यावर सांडलं. पुन्हा भरली, पुन्हा तेच. आरशात पाहिलं तर अर्धं तोंड माझं होतं आणि अर्धं नव्हतं. उजवा गाल खाली उतरलेला, डोळा मिटत नव्हता. तुझे दाजी एकच शब्द बोलले, लकवा, आणि खाटेवर बसले. रवीने रिक्षा आणली. रिक्षाभर मी हाताची बोटं हलवून बघत होते. हात गेला तर इस्त्री गेली, एवढंच डोक्यात होतं.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीण होती. मला म्हणाली, कपाळाला आठ्या घाला. मला कळेना, उगाच कुणावर आठ्या घालू? रवी म्हणाला, "आई, गिऱ्हाइकाची नवी साडी मी इस्त्रीने जाळली असं समज." मग घातल्या. डॉक्टरणीने कपाळावर बोट फिरवलं. डावीकडे तीन आठ्या, उजवीकडे काही नाही. आत्ताच इस्त्री मारून ठेवावी तसं सपाट. ती म्हणाली, आजी, ही बाजू सपाट राहिली ते बरं झालं. मेंदूचा झटका असता तर तोंड वाकडं होऊनही कपाळाला दोन्हीकडे आठ्या पडल्या असत्या. हे नसेचं दुखणं आहे. दोन-तीन महिन्यांत बरंचसं भरून येईल.

तेव्हा जिवाची भीती गेली. दुसरी भीती नंतर आली.

गोळ्या झाल्या, डोळ्यात थेंब चालू आहेत. झोपताना डोळा चिकटपट्टीने बंद करते. आरशासमोर बसून गाल फुगवायचे, ओठ दाबायचे, हा व्यायाम. चहा अजून थोडा सांडतो. बोलताना प, ब, म नीट उमटत नाहीत, आणि भागी म्हणायला गेले तर त्यातला भ हवेसारखा निसटतो. म्हणून मी स्वतः फोन केला नाही. रवी म्हणाला, मेसेज कर. पण तुमच्याकडचा फोन दिवसभर संघर्षच्या हातात असतो, आणि आईला लिहिलेलं मुलाने आधी वाचावं हे मला बरं वाटलं नाही.

तोंड वाकडं झालं त्याच आठवड्यात एक बाई कपडे घ्यायला आल्या, बरोबर चार वर्षांची मुलगी. मुलीने माझ्याकडे पाहिलं आणि आईच्या मागे लपली. त्या दिवसापासून मी टेबल फिरवून घेतलं. भिंतीकडे तोंड करून इस्त्री करते. कपडे देते-घेते तेव्हा पदर तोंडावर असतो.

लग्नाच्या दिवशी मी तयार झाले होते. निळी साडी नेसले, चपला घातल्या. दाजी आणि रवी खाली गाडीशी उभे होते. जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या आणि माझ्याकडे बघून चटकन दुसरीकडे बघायला लागल्या. तिथूनच मी परत फिरले. रवीला वरून सांगितलं, ताप आला म्हणून सांग.

इथवर लिहायला फार कठीण गेलं नाही. आता जे लिहायचं आहे त्यासाठी दोन दिवस कागद तसाच ठेवला होता.

लग्नाचे फोटो रवीने मोबाइलवर दाखवले. प्रत्येक फोटोत तू पुढे आहेस. वेदिकाच्या शेजारी, डोक्यावर पदर नाही, आणि भाजलेला गाल थेट कॅमेऱ्याकडे. तू पाच वर्षांची असताना उकळती पेज अंगावर सांडली, तेव्हापासून त्या गालाची आणि मानेची कातडी चुण्या पडून आखडलेली. मला त्याची इतकी सवय की मला तो दिसतच नाही, असं मी समजत होते. फोटो बघून झाल्यावर मी कपाटातून माझ्या अंजलीच्या लग्नाचा अल्बम काढला. पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळला. तू त्यात एकाही फोटोत नाहीस.

का नाहीस ते मला माहीत आहे.

अंजलीला बघायला विंचूरचे पाहुणे येणार होते. तू आदल्या दिवशीच मदतीला आलीस. सकाळी मी तुला म्हणाले, "पाहुणे असेपर्यंत आतच थांब. पोरीचं ठरू दे." तू "बरं" म्हणालीस. चौदा बशा पोहे तू केलेस आणि पडद्याच्या फटीतून एकेक बशी माझ्या हातात दिलीस. मुलाच्या आईने विचारलं, मुलीला मावशी आहे ना, ती नाही आली? मी म्हणाले, "दिंडोरीवरून तिला यायला जमलं नाही." तू पडद्याच्या पलीकडे दोन हातांवर उभी होतीस.

अकरा वर्षं मी स्वतःला सांगत आले की पोह्यांच्या गडबडीत तू ते ऐकलं नसशील. आपल्यात त्यावर कधी बोलणं झालं नाही. तू अंजलीच्या लग्नाला आलीस, मागे उभी राहिलीस, जेवून गेलीस. मी तुला पुढे बोलावलं नाही.

मला स्वतःचं तोंड घेऊन जिना उतरता आला नाही, भागी. तू तर शाळेत गेलीस, बाजारात बसलीस, संसार केलास, लेकीच्या लग्नात पुढे उभी राहिलीस. आणि तुला मागे ठेवणारी परकी कोणी नव्हती, मी होते.

माफीसाठी लिहीत नाही असं लिहिणार होते. ते खोटं झालं असतं. माफीसाठीच लिहिते आहे.

आता डोळा बराचसा मिटतो. गेल्या गुरुवारी उजव्या कपाळावर एक बारीक आठी परत आली, ती मी दाजींना दोनदा दाखवली. रवी म्हणतो, तेवीस तारखेला रविवारी वेदिका माहेरी येणार आहे. मला यायचं आहे. तू ये म्हणालीस तर येईन. नको म्हणालीस तर का म्हणालीस हे मला कुणी समजावून सांगावं लागणार नाही.

वेदिकाला आशीर्वाद. संघर्षला आठवण.

नुसती वयानेच मोठी असलेली,
तुझी ताई


दिंडोरी
१७ मार्च

ताईला भागीचा जय भीम.

तुझं पत्र शनिवारी मिळालं. पोरांच्या हाती दिलं नाय. मळ्यात बांधावर बसून दोनदा वाचलं. उत्तर बी मीच लिहितेय, अक्षर समजून घे.

तुझ्या तोंडाचं मला लग्नातच कळलं होतं. रवीला खोटं बोलता येत नाय. ताप किती हाय विचारलं तर तो रडायलाच लागला. तरी मी फोन उचलला नाय, कारण तो तू दुसऱ्याकडून करवत होतीस. मला ते तुझ्याकडून कळायला पाहिजे होतं.

पोह्यांच्या दिवसाचं. मी ऐकलं होतं. सगळं ऐकलं होतं. एसटीत बसले तेव्हा ठरवलं की परत तुझ्या दारात यायचं नाय. मग अंजलीच्या लग्नाला आले, कारण अंजली मला मावशी म्हणते, तिचा काय दोष. विसरले नाय, आणि विसरले असं तुला बरं वाटावं म्हणून लिहिणार बी नाय. पण या गालापायी लोक मला जे बोलले ते बोलून मोकळे झाले. माझं चुकलं असं कागदावर कुणी लिहून दिलं नव्हतं. तू दिलंस. ते पत्र मी ठेवलंय.

आता माझं ऐक. यात मला पन्नास वर्षांचा अनुभव हाय, तुला दोन महिन्यांचा. पदरानं तोंड झाकू नको. झाकलं की माणसं जास्त बघतात. ल्हान पोरं टक लावतील, काय झालं विचारतील. जे झालं ते सांगायचं, मग ती खेळायला पळतात. मोठी माणसं विचारत नाय, चोरून बघत बसतात. त्यांच्याकडं आपण सरळ बघायचं, त्यांचीच मान खाली जाते. पहिले चार-पाच दिवस लय जड जातं. मग सवय होते, तुला नाय, लोकांना. टेबल भिंतीकडून फिरवून घे.

रविवारी वेदिकाच्या सासरची अठरा माणसं जेवायला हायेत. तू दहाच्या आत ये. एसटीत खिडकीजवळ बसू नको, त्या डोळ्याला वारा लागंल. कामाला हात लावायचा नाय. बाहेरच्या खोलीत खुर्ची टाकते, तिथं बसायचं. सगळ्यांना मी सांगणार हाय, ही माझी थोरली बहीण शकुंतला, वेदिकाच्या साडीच्या निऱ्या हिनंच बसवल्या. भ निसटला तर निसटू दे, बोलायचं काम मी करीन.

वाट बघते.

तुझी भागी